शांततेचा सातबारा कुणाच्या नावावर?

मे संपत आला होता. जुन्नर तालुक्यात, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या कांदाचाळीमागे मी दोन तास हेडफोन लावून बसलो होतो आणि ऐकू येत होती ती नुसती घरघर. सामान साधंच होतं. लाकडी चौकटीवर गुंडाळलेली तांब्याची तार, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून वजनावर आणलेली. तिला जोडलेला वीतभर अँप्लिफायर. बस्स. स्टेशन लावायचं बटण त्यात नाही, कारण त्याची गरजच नाही. पृथ्वीभोवती आपसूक फिरणाऱ्या रेडिओलहरींपैकी अगदी खालच्या पट्टीतल्या लहरींची कंप्रता माणसाच्या कानाच्या टप्प्यातच येते. त्या आवाज नव्हेत, विद्युतचुंबकीय लहरीच. पण तारेत पकडून, मोठ्या करून हेडफोनला दिल्या की काम झालं. अडचण एकच. आपल्या विजेच्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिचं शंभर, दीडशे, दोनशे असं वाढत जाणारं गणगोत याच पट्टीत मुक्काम ठोकून असतं.

सव्वाअकराच्या सुमारास लाईट गेली. घरघर कापल्यासारखी थांबली आणि आभाळ ऐकू यायला लागलं. आधी तडतड, फोडणीत मोहरी पडावी तशी. कुठे बेळगावकडे, कुठे बंगालच्या उपसागरावर, शेकडो किलोमीटरवर पडणाऱ्या विजा. मग त्या तडतडीत मधूनच एक वेगळा आवाज, ताणलेल्या तारेवर कुणी नख मारावं तसा. 'ट्वीक' म्हणतात त्याला. पंधरा-वीस मिनिटं हा कार्यक्रम चालला. मग लाईट आली, विहिरीवरच्या मोटारीला ऑटो बसवलेला होता, ती आपोआप सुरू झाली आणि माझ्या कानात पुन्हा घरघर. शेजारी बाजेवर पडलेले शेतकरी हसून म्हणाले, "सर, लाईट गेली की तुमचं चालू होतं, आणि आली की आमचं."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आता वाटतं, गेली सव्वाशे वर्षं आपल्याकडे मोजणीला लागणारी विद्युतचुंबकीय शांतता आणि विजेवर चालणारा विकास यांचा जो वाद आहे, तो यापेक्षा थोडक्यात कुणी मांडला नसेल.

त्या नख मारल्यासारख्या आवाजात काय दडलंय ते आधी सांगतो. जमीन ही एक भिंत आणि वर आयनांबर, म्हणजे सूर्याने अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे करून बनवलेला प्लाझ्माचा थर, ही दुसरी. विजेची लहर या दोन भिंतींमध्ये आपटत दूरवर जाते. ज्या लहरीची अर्धी लांबी या पोकळीत मावत नाही, ती अशी आपटत पुढे सरकत नाही. रात्रीच्या ट्वीकचा सूर घसरत येऊन साधारण १,७०० हर्ट्झपाशी अडतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. त्याला १,७०० ने भागा, १७६ किलोमीटर आले. निम्मे करा, ८८. म्हणजे त्या रात्री कांदाचाळीच्या डोक्यावर प्लाझ्माचं छत ८८ किलोमीटरवर होतं. विमानं तिथवर पोचत नाहीत, फुगे पोचत नाहीत, आणि उपग्रह इतक्या खाली टिकत नाहीत. सातवीतलं त्रैराशिक आणि मोटारीची तार एवढ्यावर ती उंची मोजता येते. दिवसा मात्र हे जमत नाही. उन्हात त्या छताला खालून आणखी एक थर येतो आणि तो लहरी पिऊन टाकतो.

ट्वीकच्या पुढची पायरी म्हणजे शीळ. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्य शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकण्यासाठी जमिनीत खुंट्या ठोकून, त्यांना अँप्लिफायर जोडून बसत असे. संभाषणाच्या मधेच वरच्या पट्टीतून खाली उतरणारी लांब शीळ ऐकू येई. तोफगोळे उडताना ऐकू येतात, असं सैनिक म्हणत. हाइनरिश बार्कहाउझेनने १९१९ मध्ये त्यावर लिहिलं, पण नीट उलगडा व्हायला १९५३ साल उजाडलं. केंब्रिजमधल्या स्टोरी या तरुण संशोधकाने दाखवून दिलं की विजेच्या लहरीतला काही भाग छत भेदून वर निसटतो, पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषेला धरून हजारो किलोमीटर अंतराळात जातो आणि दुसऱ्या गोलार्धात उतरतो. वाटेतल्या प्लाझ्मात उंच सूर पुढे धावतात, खालचे रेंगाळतात, म्हणून 'टक' असा निघालेला आवाज 'सूंऽऽ' होऊन पोचतो. किती ताणला गेला यावरून वाटेत इलेक्ट्रॉन किती होते ते काढता येतं. स्टोरीचं उत्तर इतकं मोठं आलं की लोक चक्रावले. पृथ्वीच्या त्रिज्येच्या तिप्पट-चौपट अंतरावर जिथे जवळजवळ पोकळी असावी असं मानलं जाई, तिथे घनसेंटिमीटरला शेकड्यांनी इलेक्ट्रॉन निघाले. पहिला स्पुटनिक उडायला तेव्हा चार वर्षं होती. पुढे १९६३ मध्ये डॉन कार्पेंटरने अशाच शिळांवरून दाखवलं की हा प्लाझ्मा ठरावीक अंतरावर कड्यासारखा एकदम तुटतो. अंतराळाचा पहिला नकाशा असा बराचसा जमिनीवर, कान देऊन बसलेल्या माणसांनी काढला.

महाराष्ट्रात शिळा क्वचितच ऐकू येतात. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या फार जवळ आहोत. मी तर एकही ऐकलेली नाही. गुलमर्ग, नैनिताल, वाराणसी इथे त्यांच्या नोंदी झाल्या आहेत. पण याच जवळिकीमुळे आपल्या डोक्यावर जे चालतं ते युरोपच्या डोक्यावर चालत नाही, आणि माझ्या मुद्द्याचा कणा हाच आहे. चुंबकीय विषुववृत्त केरळ-तामिळनाडूच्या टोकावरून जातं. भारतातून पहिलं रॉकेट १९६३ मध्ये जिथून उडालं, ते केरळमधलं थुंबा निवडलं गेलं ते त्यासाठीच. तिथे दिवसा प्लाझ्मा कारंज्यासारखा वर उचलला जातो आणि बलरेषांवरून घसरून उत्तरेला अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यावर ओतला जातो. महाराष्ट्र या कारंज्याच्या उतारावर बसलाय. सूर्य मावळला की या प्लाझ्मात खालून बुडबुडे उठतात, उकळत्या पिठल्यात उठावेत तसे. उपग्रहाचे संकेत त्यातून येताना थरथरतात आणि जीपीएस चुकतं. विमानांसाठी आपण 'गगन' ही यंत्रणा उभारली तेव्हा अमेरिकेतलं आयनांबराचं गणित जसंच्या तसं उचलून चाललं नाही, इस्रोला आपल्या अक्षांशांसाठी वेगळं बसवावं लागलं. ही विहीर आपली आपणच खणायची आहे. शेजाऱ्याच्या विहिरीची पातळी आपल्या कामाची नाही.

आता खणायची तर जागा हवी, आणि इथे जागा म्हणजे शांतता. माझं म्हणणं एवढंच आहे की विद्युतचुंबकीय शांतता हे गावाच्या गायरानासारखं सार्वजनिक धन आहे, आणि गायरानासारखीच तिची अवस्था आहे. कुणाच्याच नावावर नाही, म्हणून ज्याला हवं त्याने खुंटी ठोकावी. तिचा सातबारा निघाला पाहिजे. आणि ती ज्यांच्या बांधावर राखायची, त्यांना त्याचा मोबदला मिळाला पाहिजे. यातलं दुसरं वाक्य शास्त्रज्ञ मंडळी सहसा म्हणत नाहीत, म्हणून मुद्दाम म्हणतो.

या प्रकरणात मुंबईने एकदा शहाणपण दाखवलं होतं. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून चुंबकीय नोंदी होत होत्या. यंत्र म्हणजे टांगलेला चुंबक, त्यावर आरसा, दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. दर तासाला, रात्रंदिवस. सुई जास्तच हलायला लागली तर दर पाच मिनिटांनी. २ सप्टेंबर १८५९ रोजी सुई वेड्यासारखी पडली. आडव्या चुंबकीय बलात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची (चुंबकीय बल मोजायचं एकक) घट वहीत नोंदली गेली. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर तो प्रसिद्ध भडका पाहिला होता. युरोपातल्या स्वयंनोंद यंत्रांच्या रेघा कागदाबाहेर गेल्या. कुलाब्यात माणूस डोळ्यांनी वाचत होता, म्हणून वही भरत राहिली. १९८९ मध्ये कॅनडातल्या क्युबेकचा वीजपुरवठा नऊ तास बंद पाडणाऱ्या सौरवादळात याच बलाचा जगभराचा निर्देशांक ५८९ ने घसरला होता, मे २०२४ च्या वादळात साधारण ४०० ने. एका ठिकाणची नोंद आणि जगभराची सरासरी यांची थेट तुलना करू नये हे खरं, पण अंदाज येतो. ती कुलाब्याची नोंद जगापुढे ठसठशीतपणे आली २००३ मध्ये, त्सुरुतानी, लखिना आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधातून. १४४ वर्षं तो आकडा कपाटात वाट बघत होता! आज सौरवादळाने वीजजाळ्यांचं जास्तीत जास्त काय होऊ शकतं याचा हिशेब मांडताना जग ज्या नोंदींकडे बोट दाखवतं, त्यांतली ही एक.

मग ट्रामचा प्रश्न आला. १८७४ पासून मुंबईत घोड्यांच्या ट्राम होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या विजेवर न्यायचं ठरलं. विजेची ट्राम म्हणजे रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह, म्हणजे कुलाब्याच्या सुईचं वाटोळं. नानाभाई मूस तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक होते. विज्ञान मोठं की ट्राम, असा वाद ताणत बसण्यापेक्षा त्यांनी खाडीपलीकडे अलिबागला जागा पाहिली. इमारतीला आपला काळा दगड चालणार नव्हता, कारण बेसाल्टमध्येच लोहचुंबकीय खनिज असतं. म्हणून पोरबंदरचा दगड आणला. लोखंडाचा खिळासुद्धा वर्ज्य. आणि सगळ्यात महत्त्वाचं: १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी वही आणि नवी वही जोडता येईल. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. मुंबईला ट्राम मिळाली, जगाला अखंड नोंद मिळाली. पुढे १९२५ मध्ये विजेची लोकल आली तेव्हा सुई सुरक्षित होती.

या गोष्टीत मला मूस यांच्या विद्वत्तेपेक्षा त्यांचा क्रम भावतो. आधी मोजणी, मग पर्यायी जागा, मग दोन वर्षं जोडमोजणी आणि शेवटी ट्राम. आपण हल्ली नेमकं उलटं करतो.

उलट्या क्रमाचं उदाहरण शोधायला कांदाचाळीपासून लांब जावं लागत नाही. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. ती उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्यामागे रेडिओ गोंगाट कमी असणं हे एक मोठं कारण होतं. लोकांना वाटतं तिचा संबंध फक्त दूरच्या दीर्घिकांशी. पण दीर्घिकेकडून येणारी प्रत्येक रेडिओलहर शेवटी आपल्या आयनांबरातूनच खाली येते, आणि हलत्या पाण्याच्या तळाचं नाणं जसं हलताना दिसतं तशी ती दुर्बिणीला हलताना दिसते. खगोलशास्त्रज्ञ ते हलणं निपटून टाकतात. जे निपटलं, तेच प्लाझ्मावाल्यांना हवं असतं; त्यातून आयनांबरातले इतके बारीक चढउतार कळतात की एरवी कशातूनच कळू नयेत. एकाचा उकिरडा, दुसऱ्याचं शेणखत.

आणि याच भागातून पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे जायची होती. सुमारे २३५ किलोमीटर, चाकण, नारायणगाव, संगमनेर अशी. विजेच्या गाडीच्या माथ्यावरच्या ठिणग्या हा रेडिओ दुर्बिणीचा जुना वैरी. हरकत आली, शिर्डीकडून वळसा घालणारा मार्ग पुढे आला आणि जुन्नर-संगमनेरकडे संताप उसळला. संताप मला समजतो. तीसेक वर्षं या भागाने दुर्बिणीसाठी उद्योगांवरची बंधनं सोसली, मोबाइल टॉवरच्या परवानग्यांचे हेलपाटे सोसले. हातात काय आलं? फेब्रुवारीच्या अखेरीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन, शाळेच्या सहली. छान असतात, मीही मुलं घेऊन गेलोय. पण टोमॅटो लवकर मुंबईला पोचवायची गाडी आणि सहल यांची तुलना कुणी कुठल्या तोंडाने करायची?

म्हणून या वादात 'विज्ञानविरोधी जनता' आणि 'विकासविरोधी शास्त्रज्ञ' असे दोन शिक्के मारून जे मोकळे होतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. मला दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारायचाय: आकडा कुठाय? रुळापासून किती अंतरावर, कुठल्या पट्टीत, किती गोंगाट? बोगदा काढला, कटिंगमधून नेली, मधल्या डोंगराचा आडोसा मिळाला तर किती कमी होईल? प्रकल्प अहवालात आवाजाचे डेसिबल असतात, धुळीचे मायक्रोग्रॅम असतात, तोडायच्या झाडांची यादी असते. विद्युतचुंबकीय गोंगाटाचा रकाना मला तरी कधी दिसला नाही. ज्याचा रकाना नाही, त्याची किंमत भांडण पेटल्यावर कळते, तोवर भूसंपादनाच्या गप्पा सुरू होऊन लोकांनी मनात मांडे खाल्लेले असतात.

जगात याचे रकाने आहेत. अमेरिकेने वेस्ट व्हर्जिनिया आणि व्हर्जिनियाच्या सीमेवर १९५८ मध्येच सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचा रेडिओ-शांत टापू आखला. दक्षिण आफ्रिकेने २००७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्याच जोरावर एसकेए या प्रचंड दुर्बिणीचा एक भाग कारू वाळवंटात मिळवला. गंमत म्हणजे त्या दुर्बिणीत भारत १,२५० कोटी रुपये घालून भागीदार आहे. दुसऱ्याच्या अंगणातल्या शांततेचं मोल आपल्याला कळतं. खोडदचं मात्र हरकत आणि ना-हरकतीच्या कागदांवर चाललंय.

एक आक्षेप नेहमी येतो आणि तो पोकळ नाही: आता उपग्रह आहेत, जमिनीवर कान लावून कशाला बसायचं? आदित्य एल-१ पंधरा लाख किलोमीटरवर बसून सौरवारा मोजतोय. योगायोग बघा, तो उडाला २ सप्टेंबरलाच, कुलाब्याच्या सुईनंतर बरोबर १६४ वर्षांनी. त्याचं काम मोलाचं आहे. पण तो दारावरचा राखणदार. चोर घरात शिरून कुठल्या खोलीत काय करतो ते घरात बसलेल्यालाच कळणार. पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्ट्यांत शिरून तिथल्या लहरी ऐकणारी नासाच्या व्हॅन ॲलन यानांची जोडी २०१२ मध्ये गेली आणि २०१९ मध्ये इंधन संपून थांबली. सात वर्षं. तेवढ्यात तिने अमोल गोष्टी दाखवल्या. त्यातली एक तर आपल्या विषयाचीच: पाणबुड्यांशी बोलण्यासाठी जमिनीवरून सोडलेल्या खालच्या पट्टीतल्या लहरी अंतराळात निसटून पृथ्वीभोवती एक कवच तयार करतात, आणि घातक इलेक्ट्रॉनांना आत येऊ न देण्यात त्याचा हात असावा असं दिसलं. म्हणजे आपला गोंगाट तिथवर पोचलाय. पण सात वर्षं म्हणजे सूर्याचं अकरा वर्षांचं एक चक्रसुद्धा नव्हे. कुलाबा-अलिबागच्या वहीत अशी पंधराएक चक्रं आहेत. तो दस्तऐवज नव्याने विकत मिळत नाही. खंड पडला की पडला.

आणि अलिबाग तरी किती दिवस? मूस यांनी जागा निवडली तेव्हा ते निवांत गाव होतं. आज तिथल्या गुंठ्याचा भाव ऐकून माणूस खाली बसतो. उद्या तिथे काही मोठं आलं तर दोन वर्षं जोडमोजणी करायची सवलत कुणी देईल, याची मला खात्री वाटत नाही.

करायचं काय, तर फार अवघड काही नाही. शांत टापू कायद्याने आखा, नकाशावर, गटनंबरासकट. आत राहणाऱ्यांना शांततेचं भाडं द्या, पण चेकने नव्हे. अशा गोष्टींनी, ज्या त्यांना हव्यात आणि गोंगाटही कमी करतात. उघड्या, लोंबकळत्या, ठिणग्या टाकणाऱ्या तारांऐवजी आवरण असलेली केबल. दुर्बिणीला ठिणग्यांचा त्रास, शेतकऱ्याला ऊस पेटण्याची भीती, एकाच खर्चात दोन्ही जातात. टॉवर नको असेल तर घरटी फायबर, आणि तोही शहरात मिळतो त्यापेक्षा चांगला. दिवसा शेतीला वीज. इथे एक गोची आहे ती मान्य करतो: सौरपंपाचा स्वस्त इन्व्हर्टर हा स्वतःच भयंकर गोंगाट्या असतो, माझ्या तारेला तर तो मोटारीपेक्षा जास्त छळतो. मग फिल्टर लावलेला इन्व्हर्टर टापूत सक्तीचा करा आणि वरचे पैसे सरकारने भरा. गोंगाट मोजायचं यंत्र तालुक्याच्या महाविद्यालयात ठेवा, पोरं मोजतील, आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागतील. रेल्वे असो की महामार्ग, आधी दोन वर्षांचे आकडे, मग आखणी. त्या आकड्यांवरून गाडी नारायणगावातून जाऊ शकते असं निघालं, तर मी पहिल्या दिवशीचं तिकीट काढीन.

हे सगळं मी परवा त्या शेतकऱ्यांना सांगत होतो. केबलवर त्यांचे डोळे चमकले, फायबरवर मुलगा आतून बाहेर आला. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मोजायला खुशाल बसा सर, चाळीमागची जागा तुमचीच. पण मोटारीचा ऑटो काढा म्हणून तेवढं सांगू नका."